घरी सीएनसी राउटर बांधताना: आधी भाग हातात, मग ड्रॉइंग

सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने फिरतं बिट चालवून लाकूड, ॲक्रिलिक कापणारं मशीन. पहिलं मशीन बांधणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी कॉम्प्युटरवर मॉडेल काढतात, त्याबरहुकूम प्लेटा लेझरवर कापून आणतात आणि रेल, स्क्रू, मोटर सगळ्यात शेवटी मागवतात. पार्सल उघडल्यावर कळतं की रेलवर सरकणाऱ्या बेअरिंग ब्लॉकची उंची चार मिलिमीटरने वेगळी आहे, मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचं भोक मोटरच्या शाफ्टला बसत नाही आणि स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या मोटरचा) क्लॅम्प झेडच्या, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या, प्लेटपेक्षा रुंद निघाला. प्लेटा भंगारात जातात. म्हणून पहिला नियम हा: रेल, स्क्रू, मोटर आणि स्पिंडल आधी हातात घ्या, वर्निअरने मोजा, मगच ड्रॉइंग पक्कं करा.

इथे धरलेलं मशीन ४०० × ६०० मिमी कामाच्या जागेचं आहे, झेडची चाल १०० मिमी. गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारा आडवा पूल, सरकणारी; टेबल स्थिर. एमडीएफ, प्लाय, सागवान, ॲक्रिलिक यांवर ते निवांत चालतं आणि धीराने घेतलं तर ॲल्युमिनियमही कापतं. पहिल्याच वेळी ८ × ४ फुटी शीट कापणारं मशीन करायचा मोह टाळा. बीमची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराखाली तो आठपट वाकतो. गॅन्ट्री नेहमी छोट्या बाजूवर ठेवायची ती यासाठीच: एक्स (गॅन्ट्रीवरची आडवी चाल) ४००, वाय (गॅन्ट्रीची पुढे-मागे चाल) ६००.

काय काय लागेल

- एचजीआर १५ रेल: ६०० मिमीच्या दोन (एक्स), ८०० मिमीच्या दोन (वाय), ३०० मिमीच्या दोन (झेड)
- ब्लॉक: १२, सगळे एकाच प्रकारचे
- बॉल स्क्रू एसएफयू १६०५ (१६ मिमी जाड, फेऱ्याला ५ मिमी चाल): एक्सला ६०० मिमीचा एक, वायला ८०० मिमीचे दोन, झेडला ३०० मिमीचा एक
- बीके १२ (मोटरकडचा) आणि बीएफ १२ (दुसऱ्या टोकाचा) या बेअरिंग सपोर्टच्या चार जोड्या, स्क्रूवरचा नट कॅरेजला जोडणारे चार नट हाउसिंग, चार कपलिंग
- नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी, म्हणजे स्टेपनी फिरणाऱ्या) चार, प्रत्येकी साधारण १८ ते २० किलो-सेमी टॉर्कच्या
- मोटरला करंट देणारे डीएम ५४२ जातीचे ड्रायव्हर चार, ३६ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) एक
- स्पिंडल १.५ किलोवॅट, एअर कूल्ड, सोबत व्हीएफडी (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणारा ड्राइव्ह). किंवा सुरुवातीला ६ मिमी कोलेटचा (बिट धरणाऱ्या पकडीचा) ट्रिमर, म्हणजे हातात धरायचा छोटा राउटर
- कंट्रोलर, लिमिट स्विच, इमर्जन्सी स्टॉप, ड्रॅग चेन (हलत्या वायरी सांभाळणारी साखळी), शील्डेड केबल

रेलची लांबी म्हणजे मशीनची चाल नव्हे. चाल, त्यात कॅरेजवरच्या (ब्लॉकांवर बसून सरकणाऱ्या भागावरच्या) दोन ब्लॉकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर आणि दोन्ही टोकांना दहा-पंधरा मिलिमीटर मोकळी जागा, एवढी बेरीज लागते. स्क्रूचंही तसंच. ६०० मिमी ही एकूण लांबी असते, त्यातले सुमारे ६५ मिमी दोन्ही टोकांच्या टर्निंगमध्ये जातात आणि नटची जागा वेगळी.

खरेदी करताना काय पाहायचं

बॉल स्क्रू, रेल आणि त्यांचे सपोर्ट आता ऑनलाइन सहज मिळतात, पण जिथे मोजून घेता येईल तिथे जाऊन घेणं चांगलं. मुंबईत बेअरिंग, टूल आणि फास्टनरसाठी नागदेवी स्ट्रीट, इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड, वायर-स्विचगिअरसाठी लोहार चाळ. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर, हार्डवेअरला बोहरी आळी. प्लेटा कापणं, बेंडिंग, व्हीएमसीवरचं (कारखान्यातल्या सीएनसी मिलिंग मशीनवरचं) जॉब वर्क यासाठी भोसरी एमआयडीसी. कोल्हापूरकरांना उद्यमनगर, नाशिककरांना सातपूर-अंबड, छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि चिकलठाणा. मोठ्या वर्कशॉपमध्ये एका नगाचं काम घेत नाहीत. छोट्या गाळ्यात, संध्याकाळच्या सुमारास, कागदावर मापं स्पष्ट लिहून गेलात तर काम होतं.

ब्लॉक दोन प्रकारचे येतात आणि इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. एचजीएच १५ हा अरुंद, चौकोनी ब्लॉक. रेलसकट उंची २८ मिमी, वर एम४ची चार भोकं. एचजीडब्ल्यू १५ हा पंखवाला. उंची २४ मिमी, भोकं एम५ची. ऑर्डरमध्ये दोन्हींची सरमिसळ झाली तर गॅन्ट्री एका बाजूला ४ मिमी तिरकी बसेल. ब्लॉक रेलवरून कधीही तसाच ओढून काढू नका, आतल्या गोळ्या सांडतात. सोबत आलेली प्लास्टिकची खोटी रेल टोकाला लावून त्यावर सरकवा. हातात घेतल्यावर ब्लॉक सबंध लांबीत एकसारखा सरकला पाहिजे. मध्येच खरखर लागली तर आधी पॅकिंगचं तेल पुसून लिथियम ग्रीस भरून पाहा. तरीही तीच जागा अडत असेल तर रेल परत करा.

एचजीआर १५च्या रेलची भोकं दर ६० मिमीवर असतात, पण टोकापासून पहिलं भोक किती अंतरावर हे कापणाऱ्यावर अवलंबून असतं. ६०० मिमीच्या एका रेलला दोन्हीकडे ३० मिमी असेल, दुसरीला २० आणि ४०. ड्रॉइंगमध्ये नुसतं '६० पिच' लिहून चालत नाही, प्रत्येक रेल मोजा आणि तिच्यावर मार्करने नंबर घाला.

स्क्रू जाड काचेवर ठेवून लोळवा. खालून उजेडाची फट उघडमिट होत असेल तर तो वाकलेला आहे. बाजारात मिळणारा रोल्ड स्क्रू बहुधा सी७ दर्जाचा असतो, म्हणजे ३०० मिमीत ०.०५ मिमीपर्यंत चूक. लाकडासाठी हे भरपूर झालं. नट स्क्रूवरून काढू नका. काढणं अगदीच भाग पडलं तर स्क्रूच्या गाभ्याएवढ्या जाडीची नळी टोकाला लावून नट तिच्यावर उतरवून घ्या.

कपलिंग घेताना दोन्ही भोकं सांगा. १६०५ स्क्रूचं मोटरकडचं टोक १० मिमी असतं. नेमा २३चा शाफ्ट कधी ६.३५ तर कधी ८ मिमी. त्यामुळे ६.३५ × १० की ८ × १० हे मोटर मोजल्याशिवाय ठरत नाही.

फ्रेम आणि प्लेटा

४० × ८० मिमीचं ॲल्युमिनियम एक्स्ट्रुजन (खाचा असलेला तयार बार) नवशिक्यासाठी सगळ्यात सोयीचं. कापून मिळतं, वेल्डिंग लागत नाही, चुकलं तर सोडवून पुन्हा जोडता येतं. ते उभं बसवा, म्हणजे ८० मिमीची बाजू वर-खाली. उंची दुप्पट झाली की ताठपणा कितीतरी पटींनी वाढतो. टोकं मात्र व्हीएमसी किंवा मिलिंगवर गुण्यात करून घ्या. कटऑफच्या आरीने कापलेलं टोक डोळ्यांना सरळ दिसतं, पण गुण्या लावला की तिरकं निघतं, आणि तो तिरकेपणा थेट मशीनच्या काटकोनात उतरतो.

एमएस (साध्या पोलादाच्या) बॉक्स सेक्शनची फ्रेम जास्त भक्कम आणि स्वस्तही, पण वेल्डिंगनंतर ती पिळते. रेल बसणाऱ्या पट्ट्यांवर नंतर मिलिंग करून घ्यायची सोय असेल तरच त्या वाटेला जा.

झेडच्या आणि गॅन्ट्रीच्या बाजूच्या प्लेटांसाठी १२ ते १६ मिमी ॲल्युमिनियम घ्या. दुकानात एचई ३० मागा, म्हणजे ६०८२. नुसतं 'ॲल्युमिनियम प्लेट' म्हटलं तर मऊ माल मिळतो, त्यात मारलेले आटे दोन-तीनदा बोल्ट काढल्यावर सुटतात. टॅपसाठी (आटे पाडण्यासाठी) ड्रिल: एम४ला ३.३, एम५ला ४.२, एम६ला ५ मिमी. बोल्ट आरपार जाण्याच्या भोकांना मात्र ढिलाई ठेवा, एम५ला ५.५ मिमी. जोडणीच्या वेळी हेच अर्धा मिलिमीटर तुम्हाला सगळं काटकोनात आणू देतं.

बीके १२ची मध्यरेषा तळापासून बहुधा २५ मिमीवर असते आणि १६०५च्या नट हाउसिंगची २० मिमीवर. हा ५ मिमीचा फरक पॅकिंग प्लेटने भरावा लागतो. विसरलात तर स्क्रू धनुष्यासारखा वाकून फिरेल, आणि टोकांजवळ गेलं की मोटर अडेल. ड्रॉइंगमध्ये घालण्याआधी तुमच्या हातातला नग मोजा.

जोडणी

जागा सपाट हवी. फरशीवर किंवा जाड ग्रॅनाइटच्या ओट्यावर फ्रेम ठेवा. चार कोपऱ्यांतून दोन दोरे कर्णावर ताणून बांधा. मध्ये जिथे ते एकमेकांवरून जातात तिथे नुसते टेकले पाहिजेत. फट असेल किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबत असेल (दोऱ्यांची अदलाबदल करून दोन्ही बाजूंनी पाहा), तर फ्रेम पिळलेली आहे. शिम पत्रा लावून ती आताच सरळ करा. रेल बसल्यावर हा दोष काढता येत नाही.

मग कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे म्हणजे काटकोन.

वायची एक रेल मुख्य माना. ती सरळपट्टीला लावून मधल्या बोल्टपासून बाहेर, आलटून-पालटून आवळा. दुसरी रेल नुसती हाताने आवळून ठेवा, गॅन्ट्री बसवा आणि ती पुढे-मागे सरकवत, ती जिथे उभी असेल तिथलेच बोल्ट घट्ट करत जा. असं केलं की दुसरी रेल आपोआप पहिलीला समांतर येते. फुटपट्टीने अंतर मोजून दोन्ही रेल आधीच घट्ट केल्या तर गॅन्ट्री एका टोकाला सुळकन जाते आणि दुसऱ्या टोकाला दाटते. मग मोटर स्टेप चुकवते आणि दोष बिचाऱ्या ड्रायव्हरवर जातो.

स्क्रूलाही हीच पद्धत. नट हाउसिंगचे बोल्ट ढिले, कॅरेज बीकेजवळ नेऊन बीके घट्ट, मग बीएफजवळ नेऊन बीएफ घट्ट, शेवटी हाउसिंग. प्रत्येक पायरीनंतर स्क्रू दोन बोटांनी फिरवून पाहा.

वीज

ड्रायव्हरला ३६ व्होल्ट द्या. डीएम ५४२ ५० व्होल्टपर्यंत चालतो हे खरं, पण मोटर झटकन थांबते तेव्हा उलट येणारा व्होल्टेज वरून चढतो. ४८वर त्याला जागाच उरत नाही. करंटचे डिप स्विच लावताना ड्रायव्हरवरच्या तक्त्यात पीक आणि आरएमएस असे दोन रकाने असतात. मोटरवर लिहिलेला आकडा साधारणपणे आरएमएसच्या रकान्याशी जुळवा. मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आणखी बारीक भाग) फेऱ्याला १६०० ठेवा. मोटरची वायर ड्रायव्हर चालू असताना कधीही काढू-घालू नका, त्याच क्षणी ड्रायव्हर जातो.

कंट्रोलर म्हणून सुरुवातीला आर्डुइनो उनो बोर्डवर जीआरबीएल १.१ हा प्रोग्राम पुरेसा आहे. वायचे दोन्ही ड्रायव्हर एकाच स्टेप-डिरेक्शन पिनला जोडा. पहिल्यांदा चालवताना वायची कपलिंग सोडून ठेवा. दोन्ही मोटर एकाच दिशेने फिरतात याची खात्री झाली की मगच आवळा. एक उलटी फिरत असेल तर तिच्या एकाच कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

लिमिट स्विच (चालीच्या टोकाला मशीन थांबवणारे) एनसी प्रकारचे घ्या, म्हणजे एरवी जोडलेले आणि दाबल्यावर तुटणारे. वायर तुटली तर मशीन थांबेल, पुढे जाणार नाही. जीआरबीएलमध्ये त्यासाठी $५=१ करावं लागतं. स्पिंडल सुरू होताच खोटा लिमिट अलार्म येत असेल तर स्विचच्या वायरी स्पिंडलच्या केबलपासून लांब न्या, शील्डेड वापरा आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

व्हीएफडीबद्दल सावध राहा. हे स्पिंडल ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम फिरतात, तर पुष्कळ व्हीएफडी कारखान्यातून ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी सेट होऊन येतात. बेस फ्रीक्वेन्सी ५० राहिली तर ५० हर्ट्झलाच पूर्ण २२० व्होल्ट जातात आणि स्पिंडलचं वाइंडिंग काही मिनिटांत जळतं. स्पिंडल जोडायच्या आधी बेस फ्रीक्वेन्सी ४००, कमाल ४००, व्होल्टेज २२०, पोल २ आणि करंट स्पिंडलच्या पाटीवरचा, एवढं भरून घ्या. एअर कूल्ड स्पिंडलचा पंखा शाफ्टवरच असतो, म्हणून ८,००० आरपीएमच्या खाली चालवू नका.

स्पिंडलच्या प्लगची चौथी पिन अर्थची, पण ती आत बॉडीला जोडलेली असेलच असं नाही. मल्टीमीटर लावा. जोडलेली नसेल तर बॉडीला स्वतंत्र अर्थ वायर द्या, आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. व्हीएफडी १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवरच. बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात, झाकण उघडण्याआधी दहा मिनिटं थांबा. इमर्जन्सी स्टॉपने कॉन्टॅक्टरमार्फत व्हीएफडी आणि एसएमपीएस दोघांचीही वीज तुटली पाहिजे. कंट्रोलरला नुसता 'थांब' असा सिग्नल देणारं बटण म्हणजे इमर्जन्सी स्टॉप नव्हे.

सेटिंग

२०० स्टेपची मोटर, आठपट मायक्रोस्टेप म्हणजे फेऱ्याला १६००. स्क्रूची चाल फेऱ्याला ५ मिमी. भागिले की ३२० स्टेप प्रति मिमी. जीआरबीएलच्या $१००, $१०१, $१०२ (एक्स, वाय, झेड) तिन्हींत ३२०. फुटपट्टीने मोजून हा आकडा ३१९.४ वगैरे करत बसू नका. स्क्रू तुमच्या फुटपट्टीपेक्षा अचूक आहे. फरक मोठा दिसला तर डिप स्विच चुकलाय किंवा कपलिंग घसरतंय.

उनोवर जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० स्टेप देतं, म्हणजे ३२०ला मिनिटाला ५,६०० मिमी. मायक्रोस्टेप ३२०० केला की हीच मर्यादा २,८००वर येते आणि अचूकतेत लाकडाच्या कामाला जाणवेल असं काही पदरात पडत नाही. तसाही स्टेपरचा टॉर्क वेगाबरोबर घसरतो. ३,००० मिमी म्हणजे ६०० आरपीएम, तिथून सुरुवात करा. प्रवेग २०० मिमी/सेकंद² ठेवून हळूहळू वाढवा. मोटर जिथे अडखळेल त्याच्या पाऊणपटीवर थांबा.

टेबलावर १८ मिमी एमडीएफचा स्पॉइलबोर्ड (बिट लागून खराब झाला तरी चालेल असा फळा) लावा. आधी स्पिंडल टेबलाला काटकोनात आणा: कोलेटमध्ये वाकवलेली सळी, तिच्या टोकाला डायल गेज, आणि हाताने २०० मिमी व्यासाचं वर्तुळ फिरवा. फरक ०.१ मिमीच्या आत आला की मग २५ मिमीच्या बिटने बोर्ड सपाट करा. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत एमडीएफ ओल धरून फुगतं. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा एक हलका हात फिरवा, आणि पावसाळाभर रेलवर तेलाचा पातळ थर राहू द्या.

पहिले कट

फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग = आरपीएम × धारा × प्रत्येक धारेचा घास. दोन धारांची ६ मिमी एंडमिल, १६,००० आरपीएम आणि ०.०६ मिमी घास धरला तर मिनिटाला १,९२० मिमी. एमडीएफमध्ये एका वेळी ३ मिमी खोल. नवशिके भीतीपोटी फीड ३००वर आणतात. मग बिट कापत नाही, घासतं, लाकूड काळं पडतं आणि धार जाते. ॲक्रिलिकला एकाच धारेचं बिट हवं, दोन धारांत चिप अडकून वितळते. स्थिर वेगाचा ट्रिमर ३०,०००च्या आसपास फिरतो, त्यावर ॲक्रिलिक नीट कापणं अवघडच. ॲल्युमिनियमला एका धारेची ४ मिमी, १५,००० आरपीएम, ४५० मिमी फीड, खोली ०.३ मिमी आणि कटिंग ऑइलचा थेंब.

ईआर कोलेट आधी नटमध्ये टक् आवाज होईपर्यंत तिरकं घालून बसवायचं, मग त्यात बिट, मग नट स्पिंडलवर. कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर बिट वाकडं फिरतं आणि कोलेट आत अडकून बसतं. ६ मिमीचं बिट ६.३५च्या कोलेटमध्ये घालू नका. एमडीएफची धूळ बारीक आणि फुप्फुसांना वाईट. डस्ट शू (बिटाभोवती धूळ अडवणारं कडं), व्हॅक्यूम आणि एन९५ मास्क पहिल्या दिवसापासून.

बदल करायचे तर कुठून

मशीन चाललं की प्रत्येकाला ते सुधारायचं असतं, आणि पैसे हमखास मोठ्या मोटरवर किंवा मोठ्या स्पिंडलवर जातात. कट खराब येण्याचं कारण बहुधा तिसरीकडेच असतं. आधी मोजा. बिटाच्या जागी सळी लावा, तिला साध्या ताणकाट्याने ५ किलोचा ओढा द्या आणि डायल गेज क्रमाने चार ठिकाणी लावा: सळीच्या टोकाला, झेडच्या प्लेटवर, एक्सच्या कॅरेजवर, गॅन्ट्रीच्या बीमवर. समजा टोक ०.२५ मिमी हललं, झेड प्लेट ०.०८ आणि बीम ०.०२. याचा अर्थ हलणारा भाग टोक आणि झेड प्लेट यांच्यामध्ये आहे: स्पिंडलचा क्लॅम्प ढिला किंवा फार वर. इथे बीम बदलून काहीही मिळणार नाही. ओढा एक्स आणि वाय दोन्ही दिशांना देऊन पाहा. ओढा सोडल्यावर सुई शून्यावर परत आली नाही तर तो लवचीकपणा नव्हे, कुठेतरी बोल्ट ढिला आहे किंवा बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई) आहे.

बहुतेक घरगुती मशीनमध्ये दोषी झेड निघतो. उपायही बिनखर्चाचा: झेडचे ब्लॉक एकमेकांपासून जितके लांब ठेवता येतील तितके ठेवा, क्लॅम्प शक्य तितका खाली आणा, बिट कोलेटबाहेर गरजेपुरतंच काढा.

टीआर८ लीड स्क्रूवरून (साध्या आट्यांच्या ८ मिमी स्क्रूवरून) १६०५वर येणारे एक गोष्ट विसरतात. बॉल स्क्रू स्वतःहून धरून ठेवत नाही. चार-पाच किलोचा स्पिंडल असलेला झेड वीज जाताच खाली सरकतो आणि बिट कामात रुतून तुटतं. जीआरबीएलमध्ये $१=२५५ ठेवलं तर मोटर सतत धरून राहतात, पण लोडशेडिंगपुढे त्याचा उपयोग नाही. झेडला ४ मिमी चालीचा एसएफयू १२०४ वापरला तर सरकणं कमी होतं. खात्रीचा उपाय म्हणजे वजन तोलणारा गॅस स्प्रिंग किंवा ब्रेकची मोटर.

ट्रिमरवरून स्पिंडलवर जाताना वाढलेलं वजन लक्षात घेऊन झेडचा प्रवेग आधी निम्मा करा. क्लॅम्पचा व्यास स्पिंडल मोजूनच घ्या. ६५ आणि ८० मिमी अशी दोन मापं चालतात.

वायच्या दोन मोटर एकाच पिनवर असतील तर वीज बंद असताना गॅन्ट्री एका बाजूला ढकलली गेल्यास काटकोन जातो. तात्पुरती सोय म्हणून दोन्ही बाजूंना घट्ट ठोकळे बसवा आणि सुरू करण्याआधी हाताने स्क्रू फिरवून गॅन्ट्री दोन्हींना टेकवा. कायमचा उपाय म्हणजे उनो काढून ईएसपी३२ बोर्डवर फ्लुइडएनसी हा कंट्रोलर प्रोग्राम घालणं. त्यात वायच्या दोन्ही मोटरांना वेगवेगळा लिमिट स्विच देता येतो आणि होमिंग (स्विचला टेकून मशीनने आपली शून्य जागा शोधणं) करताना गॅन्ट्री स्वतःच काटकोनात येते. ईएसपी३२चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, ड्रायव्हरच्या ५ व्होल्टच्या इनपुटला तो कधी पुरतो कधी नाही. मध्ये बफर (सिग्नल ५ व्होल्टवर नेणारा) असलेला बोर्ड घ्या, नाहीतर अधूनमधून स्टेप गळतील आणि कारण सापडणार नाही. होमिंग झाल्यावर ३०० × ४०० मिमीचा आयत कापून त्याचे कर्ण मोजा. दोन्ही ५०० आले पाहिजेत. फरक असेल तर तेवढा एका बाजूचा स्विच सरकवा आणि पुन्हा कापा.